चमक कुठे आली

“काल परत आली हो चमक. परवापेक्षा मोठी होती,” स्वयंपाकघरात ती फोनवर बोलत होती, आणि बाहेरच्या खोलीत बुटाची नाडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. नळ चालू होता, त्यामुळे पुढची दोन-तीन वाक्यं पाण्यात गेली. मग नळ बंद झाला आणि तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीतला. “नाही, ह्यांना नाही सांगितलं. नको, तुम्हीही सांगू नका. मी येऊन जाईन ना दुकानावर.” त्याने नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. बूट चढवून झालेल्या माणसाने घरात रेंगाळायला दुसरं निमित्त कुठून आणायचं? ती हात पुसत बाहेर आली, त्याला बघून दचकली, निदान दचकली असं त्याला वाटलं, आणि म्हणाली, “अगंबाई, इथेच आहात? मला वाटलं, गेलात.” एवढंच बोलली. तो “निघालोच” म्हणाला आणि निघाला. तीन मजले उतरून खाली येईपर्यंत ‘मला वाटलं, गेलात’ हे वाक्य त्याच्या मागोमाग पायरी पायरी उतरत आलं. कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं की डबा घरीच राहिला.

साध्यासुध्या माणसाला ‘चमक’ म्हटल्यावर आधी काय आठवतं ते सांगायला नको. वाकताना कमरेत भरते ती, जिना चढताना बरगडीत येते ती. पण या घरात त्या शब्दाचा अर्थ केव्हाच बदलला होता, आणि बदलणारा तोच. एका संध्याकाळी वाळत घातलेले कपडे आणायला तो गच्चीवर गेला होता. डोक्यावर एक अंधूक ठिपका सरकत होता. तो बघता बघता पेटला, आकाशातल्या सगळ्यांहून तेजस्वी झाला आणि आला तसा विझून गेला. कपडे तिथेच टाकून हा खाली धावला. कोपऱ्यावरचा औषधवाला, ज्याला असल्या गोष्टींचा पहिल्यापासून नाद, हसून म्हणाला, “अहो, तो उपग्रह. अंगावर आरशासारखे गुळगुळीत पत्रे असतात त्याच्या. सूर्य आपल्यापुरता बुडालेला असतो, त्याच्यापुरता नसतो. पत्र्याचा कोन जुळला की कवडसा बरोबर आपल्या अंगणात.” आणि गंमत म्हणजे हा कवडसा कुठल्या वस्तीवर, आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आणि केव्हा पडणार, हे आधीच गणित मांडून सांगता येतं. औषधवाला त्याला फ्लेअर म्हणत होता. “हे काय परक्यासारखं! आपण चमक म्हणू,” हा म्हणाला. हे नाव ठरलं त्या दिवशी औषधवाला घरी आला होता, बायको चहा घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, “चमक बघायला गच्चीवर कशाला जायला पाहिजे? माझ्या कमरेत रोज भरते. तिचा काढा फोटो.” तिघंही हसले. तेव्हापासून चमक म्हणजे आकाशातली. बायकोची कंबर मात्र नुसती ‘दुखायची’.

मग कॅमेरा आला, ट्रायपॉड आला, आणि कॅमेऱ्याला जोडायची ती बारीक केबल, जिच्या टोकाला अंगठ्याने दाबायचं बटण असतं. बटण दाबून धरायचं, ठिपका दिसायला लागण्याआधीपासून तो पुरता विझेपर्यंत. अंगठा उचलला की शटर मिटलं, रेघ तिथेच तुटली. नीट साधलं तर फोटोत ताऱ्यांच्या मधोमध एक रेघ उमटते, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये भरलेली, तांदळाच्या दाण्यासारखी. न साधलं तर काय काय होतं, हे त्याच्यापेक्षा बायकोला चांगलं कळायचं. ती फोटो हातात घेऊन रेघेवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, “इथे तुम्हाला शिंक आली. इथे गच्चीचं दार आपटलं. आणि हे तर काय, अर्ध्यात सोडून दिलंत, डास चावला ना?” अगदी बरोबर असायचं. वाकडी रेघ तिला सरळ रेघेपेक्षा जास्त आवडायची. “ह्यात तुम्ही दिसता,” असं म्हणायची. आणि तो? त्याला का आवडायचं हे सगळं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या तेजाने हजर होत होतं. त्याला तपासावं लागत नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

कारण त्याचा धंदाच संशयाचा. वीज कंपनीच्या तपासणी पथकात तो मुरलेला होता. लोकांच्या घरांत आणि कारखान्यांत शिरून मीटर बघायचा. मीटरचं शिशाचं सील, त्यातून ओवलेली तार, तारेचा पीळ. पीळ उलटा दिसला की समजायचं, कुणीतरी उघडून परत बसवलंय. स्क्रूच्या खाचेत नवी झळाळी दिसली की समजायचं. ‘चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही साहेब’ असा फार आग्रह झाला की मग तर हमखास समजायचं. नवीन माणसांना तो शिकवायचा, मीटरकडे मागाहून बघा, आधी माणसाच्या हाताकडे बघा. हा गुण घराण्यातला. त्याचे वडील कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी रेडिओच्या पाठीवर पालथा हात ठेवायचे. पाठ कोमट लागली की मुलांनी अभ्यास सोडून गाणी ऐकली. आई मग हुशार झाली. वडिलांची सायकल फाटकाशी वाजली की ओलं फडकं घेऊन रेडिओची पाठ पुसायची, आणि भावंडं तोंडात बोळे कोंबून हसायची. तोही हसायचा. पण मोठेपणी त्याचा हात वडिलांसारखाच पालथा पडायला लागला. शेजारच्या बंद टीव्हीवर, पुतण्याच्या गाडीच्या बॉनेटवर, साहेबाच्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या खुर्चीवर. अख्ख्या जगात एकाच माणसावर त्याने तो हात कधी ठेवला नव्हता. ती म्हणेल ते खरं. ती बाजारात म्हणजे बाजारात, बहिणीकडे म्हणजे बहिणीकडे. दिवसभर खोटं शोधून आलेल्या माणसाला घरी डोकं टेकायला एक जागा लागते, ती ही होती. आणि आज सकाळी नेमकी तिथेच मनात पाल चुकचुकली.

त्या दिवशी एका लाँड्रीची तपासणी होती. मालक म्हणत होता, “उघडून बघा साहेब, माझं काही लपलेलं नाही.” उघडून बघा म्हणणारा एकतर खरोखर स्वच्छ असतो, नाहीतर पक्का तयार असतो. याने मीटर उघडलं आणि काचेआडच्या आकड्यांकडे बघत उभा राहिला, पण डोक्यात काल. काल चमक होती का? खिशातून फोन काढून त्याने चमकांच्या वेळांचा तक्ता बघितला. होती. काल संध्याकाळी, चांगली ठळक, उत्तरेला. तो तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बर्फाच्या कारखान्यात अडकला होता. परवा? परवाही होती, पण कालच्यापेक्षा फिकी. ‘परवापेक्षा मोठी होती.’ म्हणजे शब्दन् शब्द जुळत होता. म्हणजे ती दोन्ही संध्याकाळी गच्चीवर होती, आणि त्याला त्यातलं अक्षर बोलली नव्हती, आणि ज्याला बोलली तो ‘तुम्ही’ दुकानवाला होता. जगात चमकेविषयी बोलणारे दुकानवाले असे किती असणार? “साहेब, काही सापडलं का?” लाँड्रीवाल्याने विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि लाँड्रीत घाम कुणालाही येतो, हे याला माहीत होतं. “सगळं ठीक आहे,” हा म्हणाला, आणि आपण नीट बघितलंच नाही हे बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

घरी आला तेव्हा ती गॅलरीत रोपांना पाणी घालत होती. फोन टेबलावर पालथा पडलेला. त्याने बूट काढायच्या आधी त्यावर हात ठेवला. कोमट. आपण काय करतोय ते त्याला हात ठेवल्यावर कळलं, पण म्हणून हात मागे आला नाही. शेवटचा फोन औषधवाल्याला. त्याच्या आधीचा औषधवाल्याला. “काय शोधताय?” ती गॅलरीतून म्हणाली. “चष्मा,” तो म्हणाला. चष्मा डोळ्यांवर होता. ती हसली नाही, एरवी हसली असती. “दमल्यासारखे दिसताय,” एवढं म्हणून ती आत जाऊन पलंगावर आडवी झाली, संध्याकाळच्या वेळी, दिवासुद्धा न लावता. मग तो “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून उतरला आणि थेट कोपऱ्यावर गेला. औषधवाला गोळ्यांची पाकिटं कात्रीने कापत होता. गिऱ्हाईक नव्हतं. “काल काढलात का हो फोटो? चांगली होती म्हणे चमक,” याने काउंटरवर कोपर टेकत विचारलं, अगदी सहज. “काल? छे हो. काल दुकानातून मान वर करायला फुरसत नव्हती,” तो म्हणाला, आणि कात्री खाली ठेवली. ठेवली, मग उचलली. “वहिनी बऱ्या आहेत ना?” “बऱ्या म्हणजे? न बरं असायला काय झालं?” “नाही, सहज विचारलं.” औषधवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. याची नजर त्याच्या हातांवर होती. पाकिटावरचं औषधाचं नाव मधोमध कापलं गेलं होतं. असं हा माणूस कधी करत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते किती खोल मुरलंय एवढंच बघायचं राहिलं होतं.

बघायचं ठरवलं की दिसायला वेळ लागत नाही. हा त्याच्या धंद्यातला अनुभव होता आणि धंद्यातलाच धोकाही. साहेब लोक त्यावर व्याख्यानं देत असत. सुट्टीच्या दिवशी ती भाजी आणायला गेली आणि तो गॅलरीत उभा राहिला. ती रस्त्याच्या वळणावरून आली, दोन्ही हातांत पिशव्या, औषधाच्या दुकानापाशी थांबली, आत गेली, बाहेर आली. मग खालच्या दारातून इमारतीत शिरली. तो दाराशी येऊन थांबला, ती बेल वाजवील म्हणून. ती येईना. तीन मजल्यांना एवढा वेळ? कुणाशी बोलतेय? त्याने आवाज न करता कडी काढली आणि अनवाणी उतरायला लागला. लोकांच्या घरी मागच्या जिन्याने चढायची सवय होतीच. मधल्या वळणावर ती पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून. एक हात गळ्याशी, दुसऱ्यात फोन. त्याला पाहताच ती कठडा धरून चटकन उठली. इतकी चटकन, की तिचा तोल जातो की काय असं वाटलं. “काय झालं?” “काही नाही. पिशवीचा बंद तुटला, म्हणून टेकले.” त्याने दोन्ही पिशव्या उचलल्या. घरी आल्यावर भाजी ओट्यावर ओतून त्याने दोन्ही पिशव्यांचे चारही बंद ओढून बघितले. एकही तुटलेला नव्हता. तो त्या रिकाम्या पिशव्या हातात घेऊन बराच वेळ उभा होता. पकडल्याचा आनंद इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेला, तो मात्र या वेळी झाला नाही. तिने खोटं बोलावं आणि ते इतकं कच्चं बोलावं! निदान नीट तरी बोलायचं होतं.

त्याने तिला विचारलं का नाही? विचारायला काय हरकत होती? ‘काय गं, तुझं काय चाललंय’ एवढंच. पण विचारणं म्हणजे समोरच्याला सावध करणं, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. आणि एक भीतीही होती, तिला तो नाव देत नव्हता. समजा विचारलं आणि तिने खरं सांगितलं, तर ते खरं आहे की नाही हे आता कसं ओळखायचं? आजवर ओळखावं लागलं नव्हतं. एकदा तारेचा पीळ उलटा दिसला की मग सगळा मीटरच काढून न्यावा लागतो. हे तिच्याही लक्षात आलं असावं. मागे एकदा ताप आला तेव्हा त्याने तिच्या काखेत तीन वेळा थर्मामीटर लावला होता, दरवेळी झटकून. ती तेव्हा म्हणाली होती, “तुम्हाला काही सांगायचं म्हणजे पुरावा घेऊन यावं लागतं बाई.” हसत म्हणाली होती. ते हसणं आता त्याने पुन्हा पुन्हा वळवून पाहिलं, त्यात काही सापडतंय का म्हणून. आरशासमोर ती केस विंचरताना मध्येच हात खाली घ्यायची, ते त्याने पाहिलं. पूर्वीचे घट्ट बाह्यांचे झगमगीत कपडे घालायची सोडून ती सैल काहीतरी घालायला लागली होती, तेही पाहिलं. एखादी बाई मन दुसरीकडे लागलं की नटते, असा त्याचा समज होता. ही उलट आवरतं घेत होती. म्हणजे डाव खोल होता. बघा, संशयाला काहीही चालतं. जुळलं तरी पुरावा, नाही जुळलं तरी पुरावा.

त्याच आठवड्यात मोठी चमक होती. औषधवाल्यानेच दोन महिन्यांपूर्वी सांगितलेली. त्या जातीचे उपग्रह म्हातारे झाले होते, एकेक करून खाली आणून वरच्या हवेत जाळून टाकत होते; चकचकीत पत्र्यांचे थोडेच उरलेले. त्यातल्या एकाचा कवडसा या वेळी बरोबर त्यांच्या इमारतीवरून जाणार होता. चार गल्ल्या सोडून उभं राहिलं तर निम्मी, पलीकडच्या वस्तीत तर नुसताच ठिपका. असा योग पुन्हा येणार नव्हता. त्याने कॅमेरा पुसून ठेवला, बॅटरी भरून ठेवली, आणि या सगळ्या तयारीच्या मधे केव्हातरी त्याला दुसरी गोष्ट सुचली. सुचली तेव्हा त्याला स्वतःचाच अभिमान वाटला, इतकी ती बिनचूक होती. तिला वर न्यायचं. चमक कुठल्या दिशेला, कुठल्या घटकेला, काही सांगायचं नाही. कॅमेऱ्याचं तोंड शेवटपर्यंत भलतीकडे ठेवायचं. तिने काही न सांगता बरोबर तिकडे, बरोबर तेव्हा मान वळवली, तर तिला ते कुणीतरी सांगितलेलं आहे. आणि दुसरं कोण सांगणार?

“आज वर येतेस का?” त्याने संध्याकाळी विचारलं. ती खिडकीशी बसली होती. “आज?” ती म्हणाली. “आज नको हो. पुढच्या वेळी येईन.” “पुढची वेळ नाही. ही संपली की संपली.” ती त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगेल असं वाटलं, आणि तोही तेवढ्यापुरता श्वास धरून थांबला. “तुम्हाला यायला हवीय का मी?” तिने विचारलं. “म्हणून तर विचारतोय.” मग ती उठली. “चला. किती दिवसांनी बोलावताय.” तिच्या चेहऱ्यावर खरोखरच बरं वाटल्याची खूण होती, आणि ती पाहून त्याच्या मनात काहीतरी ढिलं पडलं, पण त्याने ते परत आवळलं. तो ट्रायपॉड घेऊन पुढे झाला. त्यांच्या दारापासून गच्चीपर्यंत दोन जिने. तिची पावलं मागून येत होती, थांबत होती, येत होती. एकदा तिने “अहो, जरा हळू” म्हटलं. तो हळू झाला नाही. वेळ चुकवून चालणार नव्हतं. आणि घाई झाली की माणसाचं भान सुटतं, खरं बाहेर येतं, हाही अनुभवच.

गच्चीवर उजेड अजून पुरता गेला नव्हता. समोरच्या इमारतींत दिवे लागत होते, कुणाच्या तरी घरात मूल पाढे म्हणत होतं. पाण्याच्या टाकीशी त्याने ट्रायपॉड मांडला, कॅमेऱ्याचं तोंड मुद्दाम दक्षिणेला. ती टाकीच्या कट्ट्याला धरून उभी राहिली, तोंडाने श्वास घेत. “कुठे दिसणार?” तिने विचारलं. “बघूया,” तो म्हणाला. छान विचारलं, असं त्याला वाटलं. तयारीच्या माणसाने हेच विचारलं असतं. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, पण कान मागे. शेवटच्या मिनिटाला त्याने कॅमेरा गरकन उत्तरेकडे फिरवला, स्क्रू आवळला, बटण अंगठ्याखाली घेतलं आणि दाबलं. शटर उघडलं. आकाशात अजून काहीच नव्हतं, निळसर काळोख आणि सप्तर्षींचे चार तारे. तेवढ्यात ती मागून म्हणाली, “अहो, चमक...”

अजून ठिपकासुद्धा दिसत नव्हता आणि हिला माहीत होतं! सांगितल्याशिवाय कसं कळलं? सापडलं. इतके दिवस दबा धरून बसल्यावर आता हातात सापडलं. “कुठे?” त्याने न वळता विचारलं, आवाज शांत ठेवला, चौकशीत ठेवतात तसा. “इथे,” ती म्हणाली. “कुठे इथे?” “इथे हो... इथे.” तिचा आवाज एकदम लहान झाला होता. त्याच वेळी सप्तर्षींच्या खाली एक अंधूक कण सरकायला लागला. तो कण फुगत गेला, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला ती दिसली. तिचा हात आकाशाकडे नव्हता. छातीवर होता, मुठीत कपडा गच्च धरलेला, आणि ती कट्ट्यावरून हळूहळू खाली सरकत होती. त्याला सगळं कळलं. जिन्यातली पायरी, दुकान, कात्री, अर्ध्यात खाली येणारा कंगव्याचा हात, सगळं एका झटक्यात जागच्या जागी बसलं. वर कवडसा पेटत पेटत इतका मोठा झाला की गच्चीवर टाकीची फिकट सावली पडल्याचा भास झाला. “अहो,” तिने पुन्हा हाक मारली. त्याचा अंगठा बटणावर होता. कण पुन्हा बारीक झाला, लाल झाला, गेला. मग त्याने अंगठा उचलला आणि धावला. फार वेळ गेला नव्हता. हाक मारणाऱ्या माणसाकडे वळून बघायला जेवढा वेळ लागायला नको, तेवढा गेला.

औषधवाल्याने गाडी आणली. खुर्चीत बसवून दोघांनी तिला खाली उतरवलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पुढची धावपळ केली, एक रक्तवाहिनी तुंबली होती ती मोकळी केली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “धोका टळलाय. बरं झालं तुम्ही लगेच आणलंत.” ‘लगेच’ हा शब्द त्याने मान हलवून घेतला. कॉरिडॉरमधल्या बाकावर औषधवाला त्याच्या शेजारी बसला होता, दुकान बंद करून आलेला. “मी दोन-तीनदा म्हटलं वहिनींना,” तो म्हणाला, “हे कमरेचं नाही, डॉक्टरांकडे जा, घरी सांगा. त्या म्हणायच्या, सांगते. पण ते आधी विचारतील कधीपासून. मग विचारतील, मग परवा बाजारात कशी गेलीस. मग विचारतील, तेव्हाच का नाही सांगितलंस. म्हणायच्या, एवढी उत्तरं द्यायला मला दम नाही पुरत. गुरुवारची वेळ घेतली होती मी त्यांची. बरोबर जाणार होतो. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, माझं चुकलंच.” त्याचे डोळे भरून आले होते. हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत “अहो, तुमचं कसलं चुकलं” म्हणाला, आणि त्याच वेळी, तो हात फिरत असतानाच, त्याच्या मनात आलं, की एवढं सगळं तिने याला सांगितलं. याला सांगायला दम पुरला. स्वतःचीच त्याला घृणा आली, पण विचार आला तो आलाच. तो काही घृणेला घाबरून गेला नाही.

ती घरी आली. खालच्या मजल्यावर भाड्याने जागा बघायचं ठरलं, तिची बहीण काही दिवस राहून गेली, औषधांच्या गोळ्या डब्यात दिवसवार लागल्या. तो सगळं करत होता. चहा करायचा, केस विंचरून द्यायचा, वाकडा भांग पडला की ती हसायची. त्याने काही तपासायचं नाही असं ठरवलं होतं. तिने “बरं वाटतंय” म्हटलं की “बरं” म्हणायचा आणि बाहेर जाऊन खिडकीशी उभा राहायचा. कॅमेरा कपाटात होता. फोटो त्याने एकदाच, पहाटे, ती झोपेत असताना पाहिला होता, आणि पुसून टाकायला बटणापर्यंत बोट नेलं होतं. पण पुरावा नष्ट करणाऱ्या माणसाविषयी त्याला इतक्या वर्षांचा तिटकारा होता. बोट तिथून मागे आलं.

मग एका दुपारी ती म्हणाली, “त्या दिवशीचा फोटो दाखवलाच नाहीत.” “नीट नाही आला,” तो म्हणाला. “न येऊ दे. बघू तर.” “अगं, खरंच नाही आला.” ती नुसती बघत राहिली. तिने हात पुढे केला नाही, पुरावा मागितला नाही, आणि म्हणूनच त्याला उठावं लागलं. त्याने कॅमेरा आणला, फोटो उघडला आणि तिच्या हातात दिला. बाहेर कुणाचा तरी कुकर शिटी देत होता. तिने चष्मा लावला, कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. काळ्याभोर आकाशात सप्तर्षींच्या खाली ती रेघ होती, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये भरलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. एवढी सुरेख रेघ त्याला आजवर साधली नव्हती. ती नेहमीसारखी तिच्यावरून बोट फिरवायला लागली, सुरुवातीपासून, सावकाश. मधल्या भरीव भागापाशी बोट थांबलं.

“मी हाक मारली ती इथे असेल, नाही?” ती म्हणाली.

तिने तिथे आणखी थोडा वेळ पाहिलं, बोट शेवटपर्यंत नेलं आणि कॅमेरा त्याच्याकडे परत दिला.

“छान आलाय,” ती म्हणाली. “जरासुद्धा हलला नाही.”